नवलची चौकशी

तापीने नवलची जमीन नेली तेव्हा तो विशीत होता. नेली म्हणजे खरोखरच नेली. पुराच्या पाण्याने काठ कापत कापत त्यांचं काळंभोर शेत पोटात घातलं, आणि पूर ओसरला तेव्हा तिथे नुसती रेती उरली. वडील आधीच गेलेले. घरात तो आणि त्याची आई गजराबाई. मामा आपल्या गाडीतून धान्य पाठवायचा. ते ती पहाटेच्या अंधारात उतरवून घ्यायची, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून. पाटलांच्या घराने चाकरी करायची नाही, हा तिचा हेका. दुसऱ्याचं धान्य खाल्लेलं चालत होतं, दुसऱ्याचा पगार मात्र नको.

नवलला तो घास घशाखाली उतरत नव्हता. तो मराठी सातवी पास होता. नंदुरबारच्या एका जिनिंग कंपनीला कापसाच्या गाड्यांचं वजन करून घेणारा कायमचा तोलाईवाला हवा आहे, असं कळल्यावर तो दसऱ्यानंतर तिकडे गेला. घरी सांगितलं, बाजाराला जातो. नोकरी पक्की झाली की मग आईची समजूत घालू, असा त्याचा हिशेब होता.

एक माणूस ठेवायला इतके सोपस्कार कशाला लागतात, देव जाणे. आधी अक्षर पाहिलं, मग तोंडी गणितं घातली. मग काट्यावर उभं करून फुकट गाड्या तोलून घेतल्या आणि त्याला परीक्षा म्हटलं. मग डॉक्टरने दात तपासले, जणू बैल विकत घ्यायचा होता. दर वेळी एकच उत्तर, ‘पुढच्या आठवड्यात या.’ उमेदवार फाटकाबाहेरच्या ओट्यावर बसून असत. त्यांत नंदुरबारातल्याच एका पिंजाऱ्याचा मुलगा अनीस होता. जागा एक आणि दोघेही तिच्यावर टपलेले, तरी नवल आणि तो एका फडक्यातली भाकरी खायचे.

“आपल्याला नाही म्हणून टाकतील तर बरं,” अनीस एकदा म्हणाला. “निदान पाय तरी दुखणार नाहीत.”

संक्रांत गेली. शेवटी मुनीम रतिलालने सांगितलं की आता फक्त चालचलणुकीची चौकशी उरली. ती गुपचूप व्हायची असते, केव्हा होईल ते सांगता येणार नाही. नवल त्या दिवशी हसत घरी आला. आपल्या चालीत खोट नाही हे त्याला ठाऊक होतं.

चौकशीला रतिलाल स्वतःच गेला, नवल कंपनीच्या ओट्यावर बसला असताना. कोट घातलेला, टोपी नीट बसवलेला परका माणूस गावात उतरला आणि पारावर विचारू लागला, नवल नावाचा मुलगा कसा आहे, व्यसन काही आहे का, घरचं कसं आहे. कशासाठी ते मात्र सांगेना. आमच्या भागात असा माणूस एकाच कामासाठी येतो. मुलीकडचे लोक उघड यायच्या आधी कुणीतरी तिऱ्हाईत पाठवून घर पाहून घेतात. पारावरच्या भाईदासकाकांनी डोळे मिचकावले आणि पाहुण्याला थेट गजराबाईच्या दारी नेलं.

मग काय, गजराबाईने मामाच्या गव्हाची लापशी केली, शेजारून तूप आणलं. भाईदासकाकांनी बोलता बोलता तापीकाठची सगळी जमीन पुन्हा पाण्याबाहेर काढली.

“पोऱ्याले कसानीच कमी नही,” गजराबाई म्हणाली. “या घरमा कोनी दुसरानी चाकरी कयी नही. मन्हा नवलबी करावू नही.”

रतिलालने लापशी खाल्ली, हात धुतले आणि निघून गेला.

“पाव्हना ऊनथा तुले देखाले,” संध्याकाळी आईने सांगितलं, कोट-टोपीपासून लापशीपर्यंत सगळं. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा उजळलेला पाहून नवलही सुखावला. नोकरी लागली की लग्नही होईल, असं त्याला वाटलं. तो पाहुणा कोण, हे त्याच्या मनातही आलं नाही.

होळीच्या आधी निकाल लागला. जागा अनीसला मिळाली.

“तुमच्यात वाईट काही निघालं नाही,” रतिलाल म्हणाला. “पण एवढी जमीन, एवढं घर. तुमच्या आईच म्हणाल्या, मुलगा चाकरी करणार नाही. असा माणूस हंगामात सोडून गेला तर आम्ही काय करायचं? गरजू माणूस टिकतो.”

नवलच्या डोळ्यांपुढे तो कोट, ती टोपी, ती लापशी, सगळं एकदम उभं राहिलं. जमीन नदीत आहे, घरात गहू मामाचा आहे, एवढंच सांगायचं होतं. पण ते सांगणं म्हणजे आई खोटं बोलली असं कंपनीच्या ओसरीवर, चारचौघांत, म्हणणं. त्याला फार वाईट वाटलं, स्वतःचं कमी आणि तिचं जास्त. तो नमस्कार करून बाहेर पडला. ओट्यावर अनीस मान खाली घालून उभा होता. नवलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी गजराबाई उंबऱ्यातच बसली होती.

“पाव्हनासना काही निरोप?” तिने विचारलं.

“ऊना. त्यासनी दुसरं ठिकान देखं.”

“का बरं? काय कमी व्हतं आपलामा?”

नवलने पायातल्या वहाणा काढल्या, नीट भिंतीशी ठेवल्या.

“काही नही, माय. आपलं घर त्यासले फार मोठं वाटनं.”

गजराबाईने पदर सारखा केला.

“मोठंच शे,” ती म्हणाली, आणि त्याला वाढायला उठली.