आईची धूळ

"श्टाउब?" घरात पाऊल टाकताच तिचा हा प्रश्न. म्हणजे धूळ आहे का? आता तुम्हीच सांगा, पाहुणी बाई असं विचारायला लागली तर कुणाला झोंबणार नाही?

मी तेव्हा नुकतीच मुलाकडे स्टुटगार्टला राहायला आले होते. दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. ती खालच्या मजल्यावर एकटी राहायची. मूळची जर्मन, पण जन्म रशियातला, म्हातारपणी इकडे आलेली. पहिल्यांदा चहाला आली ती थेट आमच्या बुद्धमूर्तीपाशी गेली, बाहीतून फडकं काढलं आणि पुसायलाच लागली. मी सुनेला म्हटलं, "विचार गं तिला, माझ्या घरात काय उकिरडा दिसला?"

"आई, हळू! भाषा कळत नसली तरी सूर कळतो तिला."

पुढे माझं जर्मन तिच्यापुरतं जमलं, तेव्हा उलगडलं. सोव्हिएत राजवटीत तिच्या गावचं चर्च बंद करून दारावर म्युझियमची पाटी लावली. ही तिथली राखणदार. आत गुडघे टेकायचे नाहीत, पुटपुटायचं नाही, मेरीच्या लाकडी मूर्तीला हात लावायचा नाही. हात लावायची मुभा एकट्या हिला, तीही धूळ पुसण्यापुरती. मग बायका तिकीट काढून यायच्या आणि हिच्या कानाशी लागायच्या, "श्टाउब?" कुणाचा मुलगा तुरुंगात, कुणाचा नवरा रात्रीत उचलून नेलेला. ही ज्याच्या त्याच्या नावानं पुसायची. "म्युझियमच्या साहेबाला वाटायचं, काय कामसू बाई!" एवढं सांगताना मात्र हसायची.

मग हिची आई अंथरुणाला खिळली. एका सकाळी म्हणाली, "आज माझी धूळ पूस." ही जाऊन बघते तर मूर्तीवर काचेची पेटी, किल्ली साहेबाच्या खिशात. संध्याकाळी आईनं विचारलं, "पुसलीस?"

"हो," ही म्हणाली. पहाटे आई गेली.

इथलं चर्च उघडं होतं हो! फडकं घेऊन गेली, तर तिथला माणूस अदबीनं म्हणाला, "आजी, राहू द्या, सफाईला कंपनीची माणसं येतात. तुम्ही बसून प्रार्थना करा."

"तशी मला येत नाही," ती मला म्हणाली. "माझ्या हातांनाच येते."

त्या दिवसापासून मी मूर्ती पुसणं सोडलं. सून कुरकुरली, "लोक काय म्हणतील, आई?" म्हटलं, म्हणू देत. दर शुक्रवारी ती वर यायची. "श्टाउब?"

"या, या, फील श्टाउब!" मी ओरडायची. म्हणजे हो, हो, खूप धूळ आहे, ये बाई.

पण पुसून झालं की दरवेळी मान हलवायची. "आईची राहिली."

शेवटी हॉस्पिटलात तिला माझीही ओळख उरली नव्हती. बोटं तेवढी चादरीवरून फिरत होती, फडक्याशिवाय. मी माझा हात त्यांच्याखाली सरकवला. ती माझी बोटं पुसत राहिली, मग मनगट.

"ग्लास," ती म्हणाली. काच.

"नाइन," मी म्हटलं, "काच नाही गं. माझा हात आहे."

तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. ती पुसतच राहिली.