धुरासाठी विमान

आमच्या पर्यावरणशास्त्राच्या बाईंइतका विमानांवर राग उभ्या कोल्हापुरात कुणी धरला नसेल आणि इतका जीवही कुणी लावला नसेल. नव्वदच्या दशकात, विमानाचा आवाज आला की माणसं गच्चीवर धावायची अशा गावात, त्या आम्हाला एम.एस्सी.च्या वर्गात शिकवत की धूर, हवा, जंगल वरून तपासायचं तर विमान कोणतं निवडावं. स्वतः मात्र कधी विमानात बसल्या नव्हत्या. कुणी प्रयोगशाळेत चकचकीत विमानाचं कॅलेंडर लावलं, तर ते उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर यंत्रांची वजनं मांडायच्या. एकदा शिरोलीच्या फाउंड्र्यांवरचा धूर मोजायला विमान सुचवा म्हणाल्या, तर वर्गानं झाडून जेट निवडलं. बाईंनी खडू फेकला. "काय पावणं, धूर मोजाय निघालायसा का त्याला भिऊन पळाय?" तेवढ्यावर भागलं नाही. मला स्कूटरवर मागं बसवलं, हातात ग्रीस फासलेला पुठ्ठा दिला आणि एमआयडीसीतून गाडी सुसाट सोडली. पुठ्ठा उडाला तो थेट एका ट्रकवाल्याच्या तोंडावर. तो शिव्या देत उतरला, तर बाईंनी त्यालाच झापलं, "पुठ्ठा दे आधी, त्यो प्रयोग हाय!" परतताना गाडी रमतगमत आणली. पुठ्ठ्यावर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके. "आता कळलं? हळू जाईल, खालनं उडंल, यंत्रं पोटात घेईल, असलं विमान बघायचं. दिसंना का कसं बी!"

पुढं दोन हजारनंतर, मी त्यांच्याच हाताखाली संशोधन करत असताना, पुण्याच्या एका संस्थेचं छोटं पंख्याचं विमान हवा तपासायला उजळाईवाडीच्या विमानतळावर उतरलं. बाईंना वर न्यायचं ठरलं होतं. आधीचे दोन दिवस त्या कुणावरच ओरडल्या नाहीत, त्यामुळं आम्ही धास्तावलो होतो. नवी इरकल नेसून त्या विमानापाशी गेल्या, तर वैमानिक वजनं जुळवून म्हणाला, "एक यंत्र उतरवावं लागेल." पुण्याचे शास्त्रज्ञ अदबीनं म्हणाले, "धुळीचं यंत्र काढतो. मॅडम, तुम्ही बसा."

"आनि वर काय मला मिरवाय नेताय व्हय?" बाई कडाडल्या. मग माझ्याकडं वळल्या. "तू काटकुळा हायस. चढ."

तासाभरानं मी उतरलो, तर बाई उन्हात तशाच उभ्या. मी आकड्यांचा कागद पुढं केला. तो हातात घेतला, पण बघितला नाही.

"वरनं आपलं कोल्हापूर कसं दिसतं रे?"

"बाई, मी यंत्रावरनं नजरच काढली नाही."

मला वाटलं, आता उखडतील.

"बरोबर केलंस," एवढंच म्हणाल्या, आणि विमानाचा पंखा पुरता थांबेपर्यंत त्याच्याकडं बघत राहिल्या.