दात लावून पाहिलेलं धान

सुखराम हत्तीमारेच्या नावाने जपानहून पत्र आलं ते डिसेंबर १९५७च्या शेवटच्या आठवड्यात. तेव्हा तो नागपूरला शेतीशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. होस्टेलातल्या अकरा जणांनी ते पत्र हातोहात वाचलं. तिथल्या एका विद्यापीठाला भातावर पुढचं संशोधन करायला एक परदेशी विद्यार्थी हवा होता. अट एकच होती. आपल्या मुलखातल्या धानाचे कोंब पाण्याखाली किती दिवस तग धरतात, हे स्वतः पाहून त्याचा अहवाल ३१ जानेवारीच्या आत टपालात टाकायचा.

गोंदियाजवळच्या दवनीवाडा या त्याच्या गावातून बी.एस्सी. झालेला सुखराम पहिलाच. त्याने त्याच दिवशी घरी लिहिलं, "विद्यापीठाच्या साहेबांना आपल्याकडचं धान हवं आहे. चांगलं निवडून पाठवा." गोंदियाचे धान-व्यापारी श्यामलाल कामानिमित्त नागपूरला येत. त्यांच्या हाती चार जानेवारीला गाठोडं आलं. काय निवडलं होतं! एक खडा नाही, एक काडी नाही. सुखरामने दोन वेळा जेवण चुकवलं, पण धान त्याच दिवशी थाळ्यांत भिजत टाकलं.

आठ दिवस झाले तरी एक कोंब नाही. आधी सगळ्यांनी थंडीला दोष दिला. मग खोलीतला मित्र म्हणाला, "हत्तीमारे, तुझं धान जपानला जायला तयार नाही. त्याला समुद्र लागतो." त्याला शिकवणारे सर थाळ्यांवर वाकले आणि म्हणाले, "दुसरं बी आण, नाहीतर यंदा विसर."

बारा तारखेच्या संध्याकाळी सुखरामने गाठोड्यात उरलेला एक दाणा उचलला आणि दाताखाली धरला. कच्च्या धानाचा दाणा पिठूळ फुटतो. हा काचेसारखा कडकन तुटला. धान उसनलेलं होतं, म्हणजे उकडून वाळवलेलं. लहानपणापासून हाच भात खाल्लेला माणूस आठ दिवस त्याला पाणी घालत बसला होता.

सकाळच्या गाडीने गोंदिया, तिथून मागून घेतलेल्या सायकलवर दवनीवाडा. आई अनुसयाबाई अंगणात सूप घेऊन बसली होती.

"काऊन रे, साहेबायले आवडलं नाई का?"

"आई, ते धान उगवून नाई राहिलं."

"उगवंल कसं? मी उसनून धाडली ना. पाहुण्यायले कच्चं धान धाडते का कोनी?"

"त्यायले खायले नोको होतं, पेरायले पायजे होतं."

"मंग तसं लिवाचं. सोळा वर्सं शिकला, अन् दात लावून नाई पाहिला?"

ओट्यावर बसलेले वडील दुधराम आवाज न करता हसत होते. पुढच्या हंगामाचं बियाणं राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवलेलं होतं. जूनच्या आधी त्या कणगीचं तोंड कोणी उघडत नसे. दुधराम उठले, लिंपलेली माती स्वतः फोडली आणि म्हणाले, "घे. पण सांडू नोको."

सुखराम लगेच परत निघाला होता. आईने सायकलचं हँडल धरलं. "थंडी हाय. तुह्या थाळ्यायमंदी आठ दिवस लागतीन. इथंच मोड आणू."

तिने बी रात्रभर भिजवलं, ओल्या फडक्यात बांधलं आणि गोठ्यात तनसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, उबेत दाबून ठेवलं. सुखराम दर तासाला हात घालून पाहायचा. शेवटी आईने त्याला बाहेर काढलं. "कोंबडी तरी बरी, एका जागी बसते."

सोळा तारखेला पहाटे फडकं सोडलं. दाण्यादाण्याला पांढरा कोंब होता. ओलं गाठोडं मांडीवर घेऊन तो नागपूरला पोचला, आणि त्याच दुपारी कोंब पाण्याखाली गेले. बारा दिवस त्याने सकाळ-संध्याकाळ मोजणी केली. मोड कसे आणले, हेही त्याने अहवालात सविस्तर लिहिलं. तीस तारखेला पाकीट टपालात पडलं. मार्चमध्ये उत्तर आलं: निवड झाली, आणि ती तनसाची रीत इथे येऊन करून दाखवा.

सप्टेंबरात गोंदियाच्या फलाटावर निम्मा दवनीवाडा जमला होता. गाडीची घंटा झाली तशी आईने दोन गाठोडी खिडकीतून आत दिली. सुखरामने पहिलं सोडलं, एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. फलाटावर हशा पिकला.

"उसनलेलंच हाय," अनुसयाबाई म्हणाली. "ते तिथल्या साहेबायले. बी दुसऱ्यात हाय."

सुखरामने दुसरं गाठोडंही सोडलं.