कातर माहेरी गेली

परांड्यात मी शिंपीकाम करायचो तेव्हा, निजामाच्या राज्यात, अफू दुकानात उघड मिळायची. दाढदुखीवर घेतलेली गोळी दाढ पडली तरी सुटली नाही. शेवटी एका शेरवानीला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या आणि वर गिऱ्हाइकाशीच भांडलो, की तुमचा हातच उलटा आहे. दुसऱ्या दिवशी बायको माझी कातर कमरेला खोचून माहेरी निघाली. गोळी सुटेपर्यंत कातरही येणार नाही आणि मीही, असं बजावून गेली.

कातरीवाचून शिंपी काय करणार? आणि खरं सांगतो, कातरीपेक्षा तिच्यावाचून घर खायला उठलं. मी निमूट हकीमसाहेबांकडं गेलो. त्यांनी अफू पाण्यात विरघळवून बाटलीभर औषध दिलं. रोज दोन चमचे प्यायचं आणि तेवढाच कडू किराईताचा काढा बाटलीत ओतायचा. म्हणजे बाटली सदा भरलेली! म्हाताऱ्याला हिशेब कळत नाही, जन्मभराची अफू मिळाली, या खुशीत मी दोन महिने काढले. मधे जांभया थांबेनात, पिंढऱ्या वळायच्या, नाक गळायचं. तरी बाटली भरलेली बघितली की जीव निवायचा.

तिसऱ्या महिन्यात मांजरानं बाटली पाडली. मी अनवाणीच हकीमसाहेबांकडं पळालो, आता मरतोय म्हणालो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"कसली अफू? ती कवाच धुऊन गेली. लई दिस झालं, नुसतं किराईत पितोस तू."

मला आधी राग आला, मग असं हसू फुटलं की आवरेना. तसाच सासुरवाडीची वाट धरली. दोन कोस एकटाच हसत चाललो. वाटेत एका म्हशीलाही सगळं सांगितलं.

बायकोनं जुन्या धोतराचा तुकडा अंथरला, खडूनं सरळ रेघ ओढली आणि कातर माझ्या हातात दिली. मी कापू लागलो. हात जराही थरथरत नव्हता. पण अर्ध्यावर मला ती म्हैस आठवली, हसू आलं आणि कातर रेघ सोडून गेली. आता ही म्हणणार, गोळी सुटलीच नाही.

ती वाकली, माझे डोळे नीट बघितले, वाकडा तुकडा बघितला.

"हसून वाकडं झालं व्हय? मग चालतंय," ती म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत गेली.