वहिनींची दुसरी फेरी

आमच्या वहिनी कुठल्याही लग्नाला गेल्या, की नवरा-नवरीच्या आधी त्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस शोधत. ते बहुधा मांडवाच्या कडेला, पंख्याचा वारा पोचत नाही अशा खुर्चीत ठेवलेलं असे. वहिनी तिथे जाऊन बसत, त्या उठेपर्यंत त्यांच्या वाटचं आइस्क्रीम मी संपवलेलं असे.

पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवता शिकवता पन्नाशीच्या तोंडावर त्यांनी पीएच.डी.ला नाव घातलं. विषय वार्धक्याचं मानसशास्त्र. दादा म्हणाला, "अगं, प्रबंध पुरा होईतो तूच म्हातारी होशील!"

"होऊ दे की. नमुना घरातच मिळेल."

प्रश्नांची तालीम आम्हा घरच्यांवर झाली. वहिनींनी मला पाच शब्द सांगितले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि मग ते शब्द विचारले. मला दोन आठवले. त्यातला एक त्यांनी सांगितलेलाच नव्हता. त्यांनी कागद हळूच बाजूला ठेवला. "भावजी, तुम्ही अजून या वयोगटात बसत नाही," एवढंच म्हणाल्या.

तरी स्कूटर माझीच होती. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखतींसाठी बोईसरहून मनोर, तारापूर, घिवली असे आम्ही रविवारी हिंडत असू. पण मुलाखतीच्या वेळी मला घराबाहेर थांबावं लागे. मनोरच्या एका आजोबांना वहिनींनी विचारलं होतं, "एकटं वाटतं का?" त्यावर "छे, घर कसं भरलेलं आहे!" असं उत्तर मीच देऊन टाकलं होतं.

प्रत्येकाकडे वर्षभरानं पुन्हा जायचं, हा वहिनींचा हट्ट. त्यांचे गाईड सर म्हणाले, एका भेटीवर काम भागेल, पदवीही लवकर मिळेल. वहिनी म्हणाल्या, "सर, एकदाच जाऊन येणं म्हणजे खानेसुमारी." पदवी लांबली. दुसऱ्या फेरीतलं पहिलं घर घिवलीचं ठरलं, आणि त्याच सुमारास त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं. दिवाळी त्यांनी पाहिली नाही. दवाखान्यात माझा हात धरून म्हणाल्या होत्या, "भावजी, घिवलीच्या आजींना कळवा. वाट बघत बसतील."

दिवस झाल्यावर मी गेलो. आजी ओट्यावर सुकट निवडत होत्या. त्यांनी मान वाकडी करून माझ्या मागे पाहिलं. "ती बाय नाय आली?"

मी सांगितलं. आजींचे हात थांबले.

"केवड्या वयाची होती?"

"बावन्न."

"पोरच मंग."

त्यांनी एकदा आत, सुनेच्या दिशेनं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तवा पोरगा नि सून शेजारीच बसलेली. मी बोलले, सगलं बरं हाय, मना काय कमी नाय. बाय हसली. जाताना कानाशी बोलली, आजी, परत येईन तवा आपण दोगीच बसू. वरीसभर मी मनात जुलवून ठेवलं, काय काय सांगायचं ते."

मला राहवेना. "आजी, मला सांगा. मी ऐकतो."

आजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यात राग नव्हता.

"तू चांगला हायस रे बाबा. पन तुला नाय."

आणि त्यांनी सूप पुढे ओढलं.