सगळे अधिकार जेबीला

त्यानं स्टेपलर उचलला आणि माझ्या तोंडावर हाणला.

खालचा ओठ फाटला. रक्त कीबोर्डवर पडलं. भर दुपार. राजारामपुरीतलं पंप-मोटारींचं दुकान, उन्हाळ्याचे दिवस, म्हणजे गिऱ्हाइकांची रीघ. सगळ्यांनी बघितलं. कुणी पुढं आलं नाही.

मारणारा मालकांचा मुलगा. सगळे त्याला दादा म्हणायचे, मीही म्हणायचे. समोर चंदगडचा एक काजूवाला उभा होता. आमच्याकडून नेलेला पंप जळाला म्हणून वॉरंटीत बदलून मागायला आला होता. हातात आमच्याच दुकानाचं छापील बिल. पण कॉम्प्युटरमध्ये ते बिल नव्हतं. उडवलेलं होतं. उडवणाऱ्याचं नाव स्क्रीनवर दिसत होतं. जेबी.

जेबी म्हणजे मी.

"बघा पावणं, हिनं उडीवलंय," दादा म्हणाला. "असली माणसं कामाला ठेवली की ह्येच हुतंय. ए, पाय धर पावण्यांचं."

मी धरले. वाकले आणि धरले. ओठातलं रक्त त्या माणसाच्या चपलेवर पडलं. त्यानं पाय मागं घेतला नाही. एवढंच म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. माझा पंप कवा देताय बोला."

मी कबनूरची. बाप यंत्रमागावर राबला, त्या खडखडाटात कानानं गेला. आम्ही बौद्ध. मी बी.कॉम. केलं, हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला आणि या दुकानात लागले. पुढं एका कॉम्प्युटरचे तीन झाले, तेव्हा प्रत्येकाचं वेगळं लॉगिन करायचं ठरलं. दादा बसला करायला. मालक, दादा, वहिनी, काउंटरवरचे विलासदादा. ज्याचं त्याचं नाव. माझ्या जागी त्यानं दोनच अक्षरं टाकली.

"हे काय?" मी विचारलं.

"जयभीम. तुझं नाव लांबडं हाय, कोण टाइप करत बसणार?"

सगळे हसले. मीही हसले. पगार देणाऱ्याच्या विनोदाला हसावं लागतं, नाहीतर हिला लई राग हाय म्हणून बोभाटा होतो. ज्या दोन शब्दांनी माझा बाप सकाळी माणसांना भेटतो, त्यांची यांनी थट्टा केली आणि मी दात दाखवले.

मग त्यानं जेबीला सगळे अधिकार दिले. बिल करायचा, बदलायचा, उडवायचा. मालकांना आणि स्वतःला फक्त बघायचा अधिकार ठेवला. "तुझ्यावर इश्वास हाय," मालक म्हणाले. मला खरंच वाटलं. घरी जाऊन सांगितलं. आईनं गल्लीभर सांगितलं, माझ्या पोरीला मालकापरास जास्त अधिकार हाईत. आमच्यात अधिकार हा शब्द फार मोठा. त्याच्यासाठी माणसं मेलीत. आईनं त्या दिवशी गोड केलं होतं.

विश्वास कसला ते लवकरच दिसलं. दुकान बंद करायच्या आधी दादा माझ्या खुर्चीमागं येऊन उभा राहायचा. "ऊठ जरा." मी उठायचे. लॉगिन माझं, चालू. तो बसायचा, दिवसभरातली रोखीची बिलं शोधायचा आणि एकेक उडवायचा. टॅक्स वाचवायचा. मी मागं हात बांधून उभी. माझ्या बाटलीतलं पाणी त्याला चालत नव्हतं. माझं लॉगिन चालत होतं.

एकदा धीर करून विचारलं, तुमच्या नावानं का नाही करत?

"आमचं नाव स्वच्छ ऱ्हायला पायजे की," तो म्हणाला.

लाज नाही, लपवाछपवी नाही. जेवलास का विचारावं इतकं सरळ. पिढ्यानपिढ्या यांची घाण आमच्या माणसांनी डोक्यावरून वाहिली. आता कॉम्प्युटरमधली घाणसुद्धा आमच्याच नावावर. चंदगडच्या माणसाचं बिल त्यातलंच होतं.

मार खाल्ला त्या दिवशी बसमध्ये ओठाला रुमाल दाबून बसले होते. अंगाची आग आग होत होती. मार खाल्ल्याचं नव्हतं एवढं. वाकल्याचं होतं. असं वाटत होतं, बस थांबवावी, परत जावं आणि दुकान पेटवून द्यावं. खोटं कशाला बोलू, काडीपेटी कुठं मिळेल इथवर विचार गेला होता.

सकाळी आई म्हणाली, जाऊ नकोस. मी गेले. गेल्या गेल्या जेबीचा पासवर्ड बदलला. तोही अधिकार त्यांनीच दिलेला. दिवसभर बिलं केली. गिऱ्हाईक माझ्या सुजलेल्या तोंडाकडं बघायचं आणि नजर फिरवायचं.

संध्याकाळी तो आला. "ऊठ जरा."

मी लॉगआउट केलं. आणि तिथंच बसून राहिले.

"ऐकू येत न्हाय व्हय? बापावानी भैरी झालीस?"

"उठत न्हाय. तुमच्या नावानं उडवा."

त्यानं खुर्चीला लाथ घातली. मी टेबलावर आदळले. त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली आणि मला फरशीवरून फरफटत नेलं. पासवर्ड सांग, पासवर्ड सांग. बरगडीत लाथ बसली. मालक गल्ल्यावर बसून होते. विलासदादांनी शटर अर्धं खाली ओढलं, रस्त्यावर दिसू नये म्हणून.

त्याचं मनगट माझ्या तोंडासमोर आलं. मी चावले. फाटक्या ओठानं, दात रुतेपर्यंत. तो किंचाळला, दुसऱ्या हातानं डोक्यात बुक्क्या घालायला लागला. मी सोडलं नाही. तोंड रक्तानं भरलं. कुठलं कुणाचं काही कळत नव्हतं.

मालक तेव्हा उठले. तो मला मारत होता तेव्हा नाही, मी चावले तेव्हा.

"तुमची जातच चावणारी," ते म्हणाले.

मी शटर वर ढकललं आणि तशीच पोलीस ठाण्यात गेले. तिथं कुणी बस म्हणालं नाही. उभ्यानंच तक्रार सांगितली. जातीवरून बोलल्याचं कलम लावा म्हटलं.

"कलम तू सांगणार व्हय आम्हाला?" हवालदार म्हणाला.

"व्हय."

मी घरी फोन केला. आमच्या वस्तीतली माणसं येऊन ठाण्यासमोर उभी राहिली, तेव्हा कुठं लिहून घेतलं. तोवर दादा हाताला पट्टी बांधून आला होता. चावल्याची तक्रार माझ्यावर.

मागच्या आठवड्यात विलासदादा घरी आले, टाइप केलेला कागद घेऊन. दोघांनी तक्रारी मागं घ्यायच्या. आणि मी लिहून द्यायचं की बिलं माझ्या हातून उडाली. म्हणजे टॅक्सवाले आले की मी आत. बदल्यात नोकरी परत. शिवाय कॉम्प्युटरमध्ये माझं खरं नाव टाकणार म्हणे. जसं काही उपकार करतायत.

"आता तुला नोकरी कोण देणार गं?" आई म्हणाली. "लिहून दे बाई. मिटीव."

तिचं खोटं नाही. अजून कुणी दिलेली नाही. राजारामपुरीत दुकानादुकानांत माझी कीर्ती पोचली आहे. चावरी म्हणतात मला. बापाला मी कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्यानं कागदाकडं बघितलं आणि नको म्हणून मान हलवली.

मी विलासदादांना म्हटलं, "मालकांना सांगा, चावा म्या घेतला. त्यो माझा. त्येच्यावर सही घ्या, अंगठा बी घ्या. बिलं म्या उडीवली न्हाईत. त्ये लिहून देणार न्हाय."

विलासदादा चहा न घेताच गेले.

केस उभी राहील. वकील म्हणतात, चावल्याची शिक्षा मलाही होऊ शकते. होऊ दे. कोर्टात विचारतील, तेव्हा होय म्हणणार आहे. जे केलं ते नाकारणार नाही. जे केलं नाही ते कुणाच्या बापासाठी अंगावर घेणार नाही. आणि पुन्हा कुणी माझ्या केसांना हात घातला, तर पुन्हा चावीन.