कानबाईच्या रोटातली जास्तीची मूठ

एसटीत बायकांना अर्धं तिकीट असताना व्हॅन करून धुळ्याकडे जाणं माझ्यासारखीच्या जिवावर येतं. पण कंडक्टर कुत्र्याला चढू देईना, आणि त्याला नेल्याशिवाय जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून यंदा कानबाईच्या सणाला आम्ही शेजारच्या सुपडूभाऊंची व्हॅन ठरवली. डिझेल आमचं, त्यांचं जेवण आमचं, वर जे द्यायचं ते ह्यांनी आणि त्यांनी मला न सांगता ठरवलं.

कुत्र्याचं नाव ठेक्या. भजन सुरू झालं की जमिनीवर शेपटी आपटत बसायचा, तीही तालात, म्हणून नानांनी हे नाव ठेवलं. नाना म्हणजे माझे मोठे दीर. लग्न केलं नाही, जामनेरला आमच्याकडेच राहिले. दिवसा मार्केट यार्डात काम आणि संध्याकाळी भजनी मंडळात ढोलकी. ठेक्या त्यांचाच. ताटली पुढे ठेवली तरी तो तोंड लावायचा नाही, नानांकडे बघत बसायचा. नाना त्याच्या डोक्यावर हात ठेवून "ले भाऊ" म्हणायचे, तेव्हा त्याचे कान मागे जायचे आणि मग तो खायचा.

दर वर्षी नागपंचमीला नाना ढोलकी पिशवीत घालून गावी जायचे आणि कानबाई झाल्यावर मंगळवारी परत यायचे. तेवढे दिवस ठेक्या फाटकाशी बसून असायचा, नुसत्या पाण्यावर. मंगळवारी नाना आले की दोघं एकदम जेवायला बसायचे.

दिवाळीनंतर नाना गेले. मग ठेक्या माझ्या "घे"वर खाऊ लागला, नाइलाजाने का होईना. पण यंदा नागपंचमीला सकाळी उठून पाहते तर तो फाटकाशी. घरात कुणी पिशवी काढली नव्हती, गावाचं नाव घेतलं नव्हतं. मी अजून नागोबाची पूजाही मांडली नव्हती. त्याला दिवस कसा कळला हे मला आजही सांगता येत नाही. मी "घे" म्हटलं, ह्यांनी नानांसारखं "ले भाऊ" म्हणून पाहिलं. तो आमच्या मागे बघत राहिला, जसं आम्ही कुणाच्या तरी आड उभे आहोत.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "आजार काही नाही. वाट बघतोय तो." बरगड्या दिसायला लागल्या होत्या. इतर वर्षी मंगळवार यायचा. यंदाच्या मंगळवारी कोण येणार होतं? हे म्हणाले, "आपणच घेऊन जाऊ त्याला. नाना जिथे जायचे ती जागा तरी बघेल." मी देवापुढे दिवा लावला आणि दशम्यांचं पीठ दुधात भिजवलं.

शनिवार

जामनेर सकाळी सोडलं. जळगावला थोडं थांबून चण्याची डाळ आणि खण-नारळ घेतलं. डाळ गावापेक्षा इथे स्वस्त आणि स्वच्छ मिळते, गाडी असेल तर जरूर घ्या. सराफांच्या दुकानात काचेतून बघायला पैसे पडत नाहीत, तेही केलं. पुढे हमरस्ता आता रुंद झालाय. एरंडोलला पद्मालयाच्या गणपतीला गाडीतूनच हात जोडले, कारण ठेक्याचा श्वास मला बरा वाटेना. माझ्या पायाशी पोत्यावर पडून होता. पाणी दाखवलं तेवढं चाटलं.

पारोळ्याला चहाला थांबलो. सुपडूभाऊ परत गाडीत बसायला आले आणि दारातच थबकले.

"वहिनी, पुढच्या सीटवर पिशवी होती का काही?"

"नाही हो. का?"

"सीट दबल्यासारखी दिसतेय."

"तुमच्याच वजनाने दबली असेल, एवढी भजी खाल्लीत," हे म्हणाले. सुपडूभाऊ हसले, पण रोज गाडी सुरू झाली की जोरात गाणी लावणाऱ्या त्या माणसाने पुढे धुळ्यापर्यंत एकही गाणं लावलं नाही. आणि ठेक्या, जो सकाळपासून उठला नव्हता, तो उठून बसला होता. पुढच्या रिकाम्या सीटच्या पाठीला नाक टेकवून.

धुळ्याला मी दशम्या आणि ठेचा काढला, पण सुपडूभाऊंना शेवभाजी हवी होती. घेतली. रस्सा मागाल तेवढा देतात, एका प्लेटमध्ये दोघांचं भागतं. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी आधीच सांगावं.

आमचं गाव धुळ्याहून साक्री रस्त्याला, आत वळून पांझरा नदीच्या काठी. ठेक्या ह्या गावात आयुष्यात कधी आला नव्हता. वेशीशी गाडी थांबली, दार उघडलं आणि तो उतरून चालू लागला. हुंगणं नाही, थांबणं नाही. मारुतीच्या देवळाला उजवी घालून डावीकडच्या बोळात, तिथून आडापाशी, तिथून अक्कांच्या दारात. नाना देवळाला असंच वळसा घालून घरी जायचे.

"वासावर गेला असेल," हे म्हणाले.

"कशाच्या वासावर? वर्षभरात तिथे नाना फिरकलेत का?"



अक्का म्हणजे ह्यांच्या चुलती. घरची कानबाई त्याच सांभाळतात. त्यांनी मला पाहिलं आणि मी वाळले म्हणून सुरू झाल्या, "ये व केळीवाली, वाळी गयी ना तू ते!" माझं माहेर रावेरकडचं, म्हणून लग्नापासून मी केळीवाली. मग त्यांचं लक्ष ठेक्याकडे गेलं. तो सरळ आत जाऊन मधल्या खोलीत खुंटीखाली बसला होता. खुंटीला नानांची ढोलकी. दिवस झाल्यावर हेच ती इथे आणून टांगून गेले होते.

"हाऊ नानाना शे ना?" अक्कांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पदर डोळ्यांना लावला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कानबाई ही आमच्या खानदेशातली घरोघरची देवी, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. तिच्या नैवेद्याला रोट, म्हणजे कणकेच्या जाड पोळ्या, करतात. त्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मापून गहू घेतात. आमच्यात सव्वा मूठ, पण बोलताना मूठच म्हणतो. तो रोट फक्त भाऊबंदांनी खायचा. परक्याला कण द्यायचा नाही, जमिनीवर कण सांडू द्यायचा नाही आणि उरवायचाही नाही. नानांना जाऊन अजून वर्ष झालं नव्हतं, पण कानबाई अडू नये म्हणून त्यांचं वर्षश्राद्ध आधीच उरकून घेतलं होतं.

संध्याकाळी अक्का गहू घ्यायला बसल्या. मी परात धरली होती. त्या एकेक नाव घेत आणि मूठ टाकत. थोरल्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी नावं झाली. मी परात उचलणार तेवढ्यात त्यांचा हात पुन्हा सुपात गेला. ओठ हलले, आवाज आला नाही. मूठ परातीत पडली.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"अक्का, ही कुणाची?"

त्यांनी हाताकडे पाहिलं, जसा तो दुसऱ्या कुणाचा असावा. "माले समजनं नही व. हात गया."

"काढून घेऊ?"

"देवीनं नाव लिसन टाकेल मूठ कोन्ही काढस का?"

तसं कुणी काढत नाही. गहू दळून आला, त्या जास्तीच्या मुठीसकट.

रविवार

सकाळी नदीवर आंघोळी, मग पुरण, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. दुपारी देवी बसली. नारळाला नथ, डोळे, शालू. एवढं तेज की मान आपोआप खाली जाते. तुम्ही कधी गेलात तर दर्शन कुणाच्याही घरी घेता येतं, कुणी अडवत नाही, फक्त रोट मागू नका.

मग गाणी. माईक नाही, पेटी नाही, दहाबारा बायका आणि टाळ. नाना गेल्यावर ढोलकीला कुणी हात लावला नव्हता, म्हणून गाणी टाळांवरच होती. खरं सांगते, अशी जिवंत गाणी ऐकायला मिळणं हेच ह्या प्रवासाचं सुख. माझाही गळा मोकळा झाला. घटकाभर ठेक्याचा विसर पडला.

तिसऱ्या की चौथ्या गाण्याला माझ्या शेजारची जाऊ गाता गाता थांबली. मग दुसरी. टाळ एकेक करून थांबले, तरी ठेका चालूच होता. बारीक, लांबून आल्यासारखा.

ठेक्या खुंटीखाली बसून शेपटी आपटत होता. डोळे वर. त्याची शेपटी थांबली तरी आवाज थोडा वेळ राहिला.

"टाळांनी कातडं घुमतं," धाकटे भाऊजी दिलीप म्हणाले. ते शाळेत शिकवतात. "शास्त्र आहे ते वहिनी. घाबरू नका."

असेल. मी उठून ढोलकीला हात लावला. श्रावणातल्या ओलाव्याने कातडं सैल पडतं, नाना वाजवण्याआधी चुलीपाशी धरून शेकायचे. हे कातडं ताणलेलं होतं. आणि ऊन.

"भिंतीपलीकडे चूल आहे," भाऊजी म्हणाले, पण त्यांनी स्वतः हात लावून बघितलं नाही.

"आते बठ्ठा चूप बठा," अक्का सगळ्यांना म्हणाल्या. "नही ते गाना म्हना." आम्ही गाणी म्हटली. खुंटीखालची जागा मात्र सगळ्यांनी मोकळी सोडली, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

त्या दिवशी ठेक्याने पाणीही घेतलं नाही.

सोमवार

सकाळी देवी नदीला निघाली. पुढे बँड, मागे चौरंग डोक्यावर घेतलेल्या बायका, फुगड्या, गुलाल. खानदेशातला बँड ऐकायचा तर ह्या मिरवणुकीत ऐकावा. मी नाचले. पण पांझरेत देवीला निरोप देताना मागितलं ते एकच. आई, मुकं जनावर आहे, त्याला वाट बघत मारू नको.

घरी आलो. भाऊबंद रोट घेऊन बसले, दुधाबरोबर. सगळ्यांचे झाले आणि ताटात एक राहिला.

"हा कोण खाणार?" दिलीप भाऊजींनी विचारलं. "उरवता येत नाही."

"तूच खा, तुझं पोट बघ," कुणीतरी म्हणालं. हसले सगळे, हात कुणी पुढे केला नाही. गेलेल्याचा वाटा कोण तोंडात घालणार?

अक्का उठल्या. ताट उचलून त्यांनी खुंटीखाली, ढोलकीच्या बरोबर खाली ठेवलं. "त्याना शे, त्यानापुढे ठेवा," एवढंच म्हणाल्या.

ठेक्या कोपऱ्यात पडला होता. पुढचे पाय थरथरत होते, तरी उठला आणि ताटापुढे येऊन बसला. तोंड लावलं नाही. मान वर करून बघू लागला, माणूस मांडी घालून बसला तर त्याचं तोंड जिथे येईल तिथे. मी "घे" म्हणायला तोंड उघडलं. ह्यांनी माझा हात दाबला.

खोलीत कुणी हललं नाही. बाहेर बँडवाले अजून वाजवत होते, तोही आवाज भिंतीशी अडल्यासारखा झाला.

मग ठेक्याचे कान मागे गेले. दोन्ही, एकदम, सपाट. कपाळावरचे केस दबले आणि तसेच राहिले. त्याने डोळे मिटले, उघडले, आणि खायला लागला. कुणीच काही म्हटलं नव्हतं. सगळा रोट खाल्ला, ताट चाटलं, ताटाभोवतीची जमीन चाटली. कण राहिला नाही.

सगळ्यात आधी भाऊजी बोलले. "अक्का, रोट कुत्र्याने खाल्ला. भाऊबंदकीबाहेर गेला की."

अक्का हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. "नाना त्याले भाऊ म्हने ना रे? मंग?"

 हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आडापाशी उभे राहिले. माझं मेलीचं रडू तिथेच फुटलं.

घरी

मंगळवारी परत आलो. येताना पुढच्या सीटवर सुपडूभाऊंनी स्वतःहून काही ठेवलं नाही, मागे दाटी झाली तरी. जाणाऱ्यांसाठी सांगते, परत येताना धुळ्याच्या मोठ्या हमरस्त्यावर दुपारी ट्रकांची गर्दी असते, लवकर निघा. घरचं खाणं बरोबर असेल तर खर्च गाडीचाच. आमचा मी ठरवला होता त्याहून जास्त झाला, पण ह्या खेपेला मी ह्यांना बोलले नाही.

ढोलकी तिथेच आहे. आणायची का, असं हे निघताना म्हणाले होते. अक्का म्हणाल्या, राहू द्या.

ठेक्याच्या बरगड्या आता दिसत नाहीत. दोन वेळा पोटभर खातो. लोक विचारतात, कसं शिकवलंत परत? शिकवलं काही नाही. मी ताटली ठेवते. तो बसतो, मान वर करून बघतो, आमच्याकडे नाही, ताटलीच्या पलीकडे. थोड्या वेळाने कान मागे जातात.

आम्ही आता "घे" म्हणत नाही. मी ताटली भिंतीपासून जरा पुढे सरकवून ठेवते, मागे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.